एका माइकवर गिटार ॲम्प: नारायण पेठेतल्या कामाच्या नोंदी

काम: भाच्याच्या बँडची तीन गाणी. ड्रम्स आणि गायन स्टुडिओत होणार. तिथे तासावर पैसे लागतात, त्यामुळे गिटारसाठी माइक इकडेतिकडे सरकवत बसणं परवडणारं नाही. म्हणून गिटार घरी करायचं ठरलं.

सामान: फेंडर ब्लूज ज्युनिअर (व्हॉल्व्हचा ॲम्प, १५ वॅट, १२ इंची एकच स्पीकर), भाच्याची स्ट्रॅट (इलेक्ट्रिक गिटार), शूर एसएम ५७ माइक, दोन चॅनेलचा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी डबी), लॅपटॉपवर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. खोली दहा बाय बारा, मोझॅक फरशी, दुसरा मजला, मागच्या बाजूला नदीपात्र. ज्यांना घरातल्या घरात हेच करायचंय त्यांच्यासाठी या नोंदी. सिद्धांत सांगणारे पुष्कळ आहेत.

१२ जुलै २०२५, शनिवार

एसएम ५७ वापरलेला घेतला, ५,५०० रुपयांना. या माइकच्या नकला ढिगाने मिळतात, म्हणून पैसे देण्याआधी विकणाऱ्याला बरोबर घेऊन कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेलो आणि माइक काट्यावर ठेवला. कागदोपत्री वजन २८४ ग्रॅम. काट्याने २८५ दाखवलं. वजन जुळलं म्हणजे माल अस्सलच असं नाही, पण पुष्कळ नकलांमध्ये आतला ट्रान्सफॉर्मरच नसतो आणि तो नसला की वजन भरत नाही. वाण्याने विचारलं, "किलोला काय भाव?"

पहिलं रेकॉर्डिंग: ॲम्प जमिनीवर, माइक पुढच्या कापडाला जवळजवळ टेकवून, स्पीकरच्या बरोबर मध्यावर. खोलीत उभं राहून ऐकताना आवाज झकास. हेडफोन लावल्यावर भाचा म्हणाला, "मामा, हा डास आहे."

डासच होता. १२ इंची स्पीकरमधला तिखट आवाज चहूकडे पसरत नाही, सरळ पुढे जातो. आम्ही उभे आणि ॲम्प पायाशी, म्हणजे सगळा तिखटपणा नडग्यांना आणि कानाला पोचणारा आवाज मवाळ. त्या मवाळ आवाजावर भरवसा ठेवून ट्रेबल आठवर नेलेला. माइकला मात्र सगळं थेट तोंडावर. ॲम्प खुर्चीवर चढवला, भाचा समोर जमिनीवर मांडी घालून बसला, स्पीकर कानाच्या रेषेत आला. त्याने स्वतःहून ट्रेबल साडेचारवर आणला. माइक तसूभरही न हलवता अर्धा डास मेला.

ॲम्पची बटणं उभ्याने लावू नयेत.

१३ जुलै, रविवार

घरघर. पूर्ण सकाळ यात गेली, त्यामुळे सविस्तर लिहितो.

दोन वेगळे आवाज एकमेकांत मिसळले होते. एक खालच्या पट्टीतला गुंजारव, भाचा खुर्चीवर वळला की कमीजास्त होणारा. तो स्ट्रॅटच्या सिंगल कॉइल पिकअपचा (तारांखालचं चुंबकाचं वेटोळं, जे तारांचं कंपन पकडतं). घरातल्या वायरिंगमधले ५० हर्ट्झ पिकअप पकडतो आणि गिटारची दिशा बदलली की पकड बदलते. खिडकीकडे तोंड करून बसल्यावर बराच शांत झाला. पिकअपच्या स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या खुणेवर जवळजवळ नाहीसाच होतो, कारण या गिटारीत मधला पिकअप उलटा गुंडाळलेला आहे. दोन गाण्यांना चौथी खूण चालते, प्रश्न मिटला.

दुसरा आवाज किरकिरा, घर्रर्र असा, आणि मध्येच येऊन मध्येच जाणारा. लॅपटॉपचा चार्जर काढला, ट्यूबलाइट बंद केली, फ्रिज बंद केला (वीस मिनिटांनी कोणाला आठवलं ते विचारू नका). शेवटी लक्षात आलं की हॉलमध्ये बायको पंखा दोनवर आणते तेव्हा घर्रर्र सुरू होते आणि पाचवर नेते तेव्हा जवळजवळ थांबते. जुना इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. तो विजेची प्रत्येक लाट कापून पंख्याला कमी देतो, आणि त्या कापाकापीची कचकच सगळ्या वायरिंगमध्ये पसरते. तपकीर गल्लीतून कपॅसिटरवाला, बटण टकटक करत फिरणारा रेग्युलेटर आणला, खालच्या वायरमनने बसवून दिला. सगळे मिळून ४५० रुपये. आख्ख्या कामात पैशाच्या मानाने सगळ्यांत जास्त फरक याने पडला.

एकाने सल्ला दिला की ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाक, घरघर जाईल. व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज खेळत असते आणि गिटारच्या तारा त्याच अर्थिंगला जोडलेल्या असतात. ती पिन काढायची नाही. विषय संपला.

१९ जुलै, शनिवार

आज माइकच्या जागेची खरी सुरुवात.

अडचण अशी की भाचा प्रत्येक वेळी थोडं वेगळं वाजवतो. माइक हलवला म्हणून आवाज बदलला की त्याने पिक जोरात मारलं म्हणून, हे कळायला मार्ग नाही. पहिला उपाय: एकदा थेट केबलने गिटार रेकॉर्ड करायची आणि तीच फाईल इंटरफेसमधून परत ॲम्पमध्ये सोडायची. सोडली, तर गुंजारव दुप्पट. इंटरफेस लॅपटॉपमार्गे एका अर्थिंगला, ॲम्प दुसऱ्या, आणि मध्ये केबलचा सांधा. यासाठी ट्रान्सफॉर्मरवाला रीॲम्प बॉक्स लागतो. तो नाही. भाच्याचा लूपर पेडल (एकदा वाजवलेलं पुन्हा पुन्हा वाजवत राहणारा) मात्र घरातच होता. गिटार लूपरमध्ये, लूपर ॲम्पमध्ये. चार मापांची एकच फिरत, तासन्‌तास, तंतोतंत तशीच. भाचा मोकळा झाला आणि पोह्यांवर बसला.

दुसरी अडचण: कापडामागे स्पीकर दिसत नाही. खोलीत अंधार करून कापडाला टॉर्च टेकवून तिरपा धरला की मधली गोल टोपी, म्हणजे डस्ट कॅप, स्पष्ट दिसते. कापडावर टेप चिकटवायचा नाही, निघताना धागे ओढले जातात. त्याऐवजी बायकोच्या शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा घेतला, त्याला दर सेंटिमीटरवर गाठ मारली आणि डस्ट कॅपच्या मध्यावरून आडवा ताणून दोन्ही टोकं ॲम्पच्या लाकडी कडांना मास्किंग टेपने लावली. मधल्या गाठीला स्केचपेनने लाल केलं. आता "मध्यापासून तीन गाठी उजवीकडे" असं लिहिता येतं आणि पुढच्या आठवड्यात नेमकं तिथेच परत जाता येतं. "जरा बाहेरच्या बाजूला" या वर्णनाचा दुसऱ्या दिवशी काडीचा उपयोग नसतो.

माइक कापडापासून अडीच सेंटिमीटर, सरळ. शून्य, एक, दीड, दोन, तीन, पाच, सात गाठी. प्रत्येक जागेवर दोन फेऱ्या. मग रीपरमध्ये सगळ्या फाईल्सची पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत आणली. हे टाळू नका. मध्यावर आवाज मोठा येतो, कडेकडे जाताना उतरतो, आणि कान मोठ्या आवाजालाच पहिला नंबर देऊन मोकळा होतो. बायकोने फाईल्सना क, ख, ग अशी नावं दिली आणि कोणती कुठली ते चिठ्ठीवर लिहून स्वतःकडे ठेवलं.

ऐकून झाल्यावर चिठ्ठी उघडली. शून्यावर पिक तारेवर घासल्याचा आवाज गिटारपेक्षा मोठा. एक गाठ बाहेर तसंच, थोडं कमी. दीड ते तीन गाठींमध्ये, म्हणजे डस्ट कॅपची कड जिथे स्पीकरच्या कोनाला (थरथरणाऱ्या पडद्याला) मिळते तिथे, बोचरेपणा झपाट्याने उतरतो आणि आवाज भरीव होतो. हाच पट्टा खरा कामाचा. इथे अर्धी गाठ हलवली तरी ऐकू येतं. पाचच्या पुढे बसका, गोधडीखालून आल्यासारखा, आणि मग किती का सरकवा, फार फरक पडत नाही. तिघांनीही तीन गाठींची फाईल निवडली. (हा निकाल पुढे बदलला. १० ऑगस्ट बघा.)

माइक तिरका करूनही पाहिला, ४५ अंशांत. तिखटपणा थोडा उतरतो, पण एक गाठ बाहेर सरकल्याने जेवढा उतरतो तेवढा नाही. दोन्ही एकदम बदललं तर कशाने काय झालं ते समजत नाही, म्हणून तिरकेपणा रद्द.

२६ जुलै, शनिवार

अंतर. जागा तीन गाठींवर कायम ठेवून माइक मागे घेत गेलो: कापडाला टेकवून, अडीच, पाच, दहा, पंधरा सेंटिमीटर.

एसएम ५७ ची गंमत अशी की आवाजाच्या उगमाजवळ नेला की खालचा भाग फुगतो. टेकवला तर हाताच्या कडेने तारा दाबून वाजवलेला रिफ (पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) नुसता धप्प धप्प. पाच सेंटिमीटरवर तोच रिफ आवळलेला, नेटका. दहावर बेस उतरला, खोली डोकावायला लागली. पंधराला आमची खोली स्पष्ट ऐकू येते, आणि ती ऐकवण्यासारखी नाही. ॲम्पच्या बास बटणाशी झटापट करण्यापेक्षा माइक दोन सेंटिमीटर मागे घेणं सोपं पडलं.

मग 'जी' या सुराची भानगड. सहाव्या तारेवर तिसरी पट्टी दाबली की सूर विरत जाताना शेवटी एक झिंग्‌ऽऽ असा पत्र्याचा आवाज. बाकी कुठल्याच सुराला नाही. आधी ॲम्पवर संशय: मागच्या फळीचे स्क्रू आवळले, एक खरोखरच ढिला होता, झिंग जागेवर. भाचा जी वाजवत राहिला आणि मी खोलीतल्या एकेका वस्तूवर तळहात ठेवत फिरलो. खिडकीची काच, भिंतीवरचं घड्याळ, कॅलेंडरची वरची पत्र्याची पट्टी. लोखंडी कपाटाच्या मुठीवर हात ठेवला आणि झिंग बंद. तो जी साधारण ९८ हर्ट्झचा. मूठ नेमकी त्यालाच नाचत होती. मुठीखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला. मग कपाटावरचे दिवाळीचे डबे नाचायला लागले. तेही खाली उतरवले.

खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. मी माफी मागायच्या तयारीत दार उघडलं. त्या म्हणाल्या, "आवाजाचं काही नाही हो, पण ते चार ओळींच्या पुढे कधी जाणार?" लूपरबद्दल सांगितलं. पटलं नसावं.

२७ जुलै, रविवार

दुसरा माइक. मित्राकडून एक कंडेन्सर माइक उसना मिळाला, तर तो ३० सेंटिमीटर मागे लावू आणि दोन्ही मिसळू, म्हणजे आवाज 'मोठा' होईल, अशी अपेक्षा. एसएम ५७ अडीचवर. दोन्ही एकदम वाजवले आणि गिटार पोकळ झाली, नळीतून आल्यासारखी. एकेकटा ऐकला तर दोन्ही बरे.

हिशोब साधा आहे. दोन माइकांमध्ये साडेसत्तावीस सेंटिमीटरचं अंतर. ध्वनी सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, म्हणजे मागच्या माइकला आवाज ०.८ मिलिसेकंद उशिरा पोचतो. ६३० हर्ट्झच्या आसपास एका माइकची लाट वर असताना दुसऱ्याची खाली, एकमेकींना खाऊन टाकतात. पुढे १,९०० च्या आसपास पुन्हा तेच, ३,१०० च्या आसपास पुन्हा. गिटारचा गाभाच त्या भागात. रीपरमध्ये मागची फाईल तेवढीच, म्हणजे ३८ सॅम्पल (४८ किलोहर्ट्झवर) पुढे ओढली, पोकळपणा बराच गेला. पण आवाज एकट्या एसएम ५७ पेक्षा सरस झाला का? नाही. नुसता वेगळा झाला.

दुसरी तऱ्हा: दोन्ही माइक कापडापासून सारख्याच अंतरावर, शेजारी शेजारी. इथे माइकची जाळी जुळवून भागत नाही, आतली कॅप्सूल (आवाज पकडणारा भाग) जुळवावी लागते. एसएम ५७ ची कॅप्सूल तोंडाशीच असते, या कंडेन्सरची जाळीच्या बरीच आत. एका फाईलची पोलॅरिटी उलटी करून (म्हणजे लाटेची वरची बाजू खाली करून) आवाज जास्तीत जास्त बारीक होईपर्यंत एक माइक मिलिमीटरने सरकवायचा आणि मग पोलॅरिटी सरळ करायची. ही युक्ती चालते. पाऊण तास लागतो आणि स्टँडला धक्का लागला की पुन्हा पहिल्यापासून.

कंडेन्सर सोमवारी परत. माझं मत: घरात एकच माइक नीट लावावा. दुसऱ्यासाठी लागणारा वेळ पहिल्याच्या जागेवर घालवला तर जास्त मिळतं.

२ ऑगस्ट, शनिवार

खोलीचा आवाज घ्यायचा म्हणून एसएम ५७ च एक मीटरवर नेऊन पाहिला. ॲम्प जमिनीवर, स्पीकर आणि माइक दोन्ही जमिनीपासून २५ सेंटिमीटरवर. फरशीवरून आपटून येणारा आवाज फक्त १२ सेंटिमीटरचा जास्तीचा प्रवास करतो, जवळजवळ तेवढ्याच जोराने पोचतो आणि १,४५० हर्ट्झच्या आसपास खड्डा पाडतो. मध्ये गादी टाकली, खड्डा बराच भरला. ॲम्प टेबलावर चढवला तर खड्डा खाली, २०० च्या जवळ सरकतो, पण उथळ होतो, कारण आता तो आवाज लांबून आणि थकून येतो.

एवढं करून साडेपाचला रेकॉर्डिंग सुरू केलं आणि नदीपात्रात ढोल-ताशा पथकाचा सराव सुरू झाला. गणपती २७ ऑगस्टला, म्हणजे आता रोज. पाच सेंटिमीटरवरच्या माइकला याचं काही वाटत नाही. ॲम्प एवढा जवळ आणि मोठा असतो की ढोल गाडला जातो. एक मीटरवर मात्र गिटारच्या प्रत्येक विश्रांतीत टिपरू ऐकू येतं. खालचा भाग कापून ढोल कमी होतो, ताशा होत नाही. भाच्याला ते आवडलं. गाणं विरहाचं आहे, म्हणून नाही म्हटलं.

खोलीचा माइक रद्द. रेकॉर्डिंग सकाळी दहा ते साडेबारा, बाकी वेळी नाही.

३ ऑगस्ट, रविवार

पहिलं गाणं पूर्ण वाजवलं. संध्याकाळी ऐकताना दुसऱ्या कडव्यापासून गिटार हळूहळू बसकी होत गेलेली. ॲम्प तापला म्हणून? तारा मळल्या म्हणून? भाच्याने तारा बदललेल्या, मी व्हॉल्व्हकडे बघत बसलेलो. कारण स्टँड. आडव्या दांडीचा खटका झिजलेला, आणि दांडी इतकी सावकाश खाली येते की बघून कळत नाही. सकाळी दोऱ्याच्या रेषेत असलेला माइक दीड सेंटिमीटर खाली, म्हणजे मध्यापासून आणखी लांब. सकाळचं सगळं काम बाद.

नंतर बुधवारी जुन्या बाजारातून बिनदांडीचा, जड बुडाचा बुटका स्टँड घेतला, ६०० रुपये. बूड फरशीवर जिथे ठेवलं तिथे टेपने गोल आखला. आता प्रत्येक टेकच्या आधी स्टीलची पट्टी कापडाला लावून अंतर बघायचं आणि माइकचं नाक लाल गाठीपासून किती गाठींवर आहे ते बघायचं. दहा सेकंदांचं काम.

१० ऑगस्ट, रविवार

काल राखीपौर्णिमा, काम नाही. शुक्रवारी स्टुडिओतून ड्रम्स आणि बेसच्या कच्च्या फाईल्स आल्या, त्यामुळे आज प्रथमच गिटार गाण्यात घालून ऐकली.

तीन गाठी, जी आम्ही तिघांनी एकमुखाने निवडली होती, ती गाण्यात दिसेनाशी झाली. तिचा सगळा भरीवपणा बेस गिटारच्या जागेत जाऊन बसला आणि दोघांचा मिळून चिखल. आवाज वाढवला तर गायकावर चढते, कमी केला तर ऐकूच येत नाही. १९ तारखेच्या फाईल्स पुन्हा काढल्या आणि ड्रम्सवर एकेक लावून पाहिल्या. दीड गाठीची फाईल, जी एकटी ऐकताना भाच्याने "खरखरीत" म्हणून बाजूला टाकली होती, ती लावल्याबरोबर गिटार जागेवर आली. तिच्यातली खरखर झांजांच्या आवाजात विरघळते, आणि जे उरतं ते स्पष्ट असतं.

म्हणजे जागेचा निवाडा एकट्या गिटारवर करण्यात अर्थ नव्हता. ड्रम्सची कच्ची फाईल आधी मागून घ्या. मोबाईलवर केलेली असली तरी चालेल.

१६ ऑगस्ट, शनिवार

दहीहंडी, स्पीकरच्या भिंती सकाळपासून. आज फक्त तारा बदलल्या आणि तिसऱ्या गाण्याचा स्वच्छ भाग जुळवून ठेवला. त्यासाठी ॲम्पचा व्हॉल्यूम कमी, म्हणजे माइकचा गेन वाढवावा लागतो, म्हणजे बाहेरचा मोटारींचा आवाजही वर येतो. खिडकीवर गादी उभी केली. दोरीने बांधली, कारण परवा ती ॲम्पवर पडली होती.

१७ ऑगस्ट, रविवार

तिन्ही गाणी झाली. पुढे कोणाला सुरुवात करायला उपयोगी पडतील म्हणून मापं. तुमचा स्पीकर वेगळा असेल, तेव्हा दोरा बांधून स्वतःच्या गाठी मोजा.

पहिलं गाणं, खरखरीत रिफ: दीड गाठ बाहेर, पाच सेंटिमीटर, सरळ. ट्रेबल साडेचार, बास चार. तोच भाग दोनदा वेगवेगळा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे. एका टेकची नक्कल करून चालत नाही, खरंच दोनदा वाजवावं लागतं.

दुसरं, सोलो: अडीच गाठी, अडीच सेंटिमीटर. इथे खालचा फुगवटा हवाच होता, वरच्या पट्ट्यांवरचे सूर नाहीतर किडकिडीत वाटतात.

तिसरं, स्वच्छ: दोन गाठी, आठ सेंटिमीटर, पिकअप चौथ्या खुणेवर, रिव्हर्ब ॲम्पचाच. बाहेर कोकीळ दोनदा आली आहे. एकदा बरोबर सुरात, ती ठेवली.

सगळीकडे सर्वांत मोठा ठोका –१२ डेसिबलच्या आसपास. त्याहून वर न्यायची गरज २४ बिट रेकॉर्डिंगमध्ये नाही.

खर्च: माइक ५,५००, रेग्युलेटर ४५०, स्टँड ६००, तारांचे दोन संच १,१००. दोरा फुकट.

बेस गिटारचा एक भाग पुन्हा करायचाय, पण त्याला हेच माप लागू होणार नाही, आणि अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला आहे. तोवर खालच्या काकूंनाही सुट्टी.